श्वसनस्नायूंच्या संकेतांचे मापन : आयाम आणि जटिलता

श्वासपटल, बरगड्यांमधील स्नायू आणि मानेतील साहाय्यक स्नायू श्वास घेताना आकुंचन पावतात, आणि त्यांच्या त्या हालचालीतून निर्माण होणारे विद्युत व यांत्रिक संकेत नोंदवून श्वासासाठी शरीर किती प्रयत्न करत आहे याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतींचा या नोंदीत विचार केला आहे. श्वासातून आत-बाहेर जाणारी हवा मोजणे सोपे असते. परंतु सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णात तेवढीच हवा आत घेण्यासाठी स्नायूंना निरोगी माणसापेक्षा कितीतरी अधिक राबावे लागते, आणि हा फरक हवेच्या मापनातून कळत नाही.

विद्युत संकेत (ईएमजी) छातीच्या खालच्या बरगड्यांवर किंवा उरोस्थीलगत दुसऱ्या आंतरबरगडी जागेत चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने, अथवा नाकावाटे अन्ननलिकेत सोडलेल्या नळीवरील इलेक्ट्रोडने घेतात. अन्ननलिकेतील नोंद श्वासपटलाच्या जवळून होत असल्याने अधिक विश्वासार्ह असते, पण रुग्णाला नळी सोसावी लागते. यांत्रिक संकेत (एमएमजी) म्हणजे आकुंचनाच्या वेळी स्नायूला येणारा कंप; तो त्वचेवरील त्वरणमापकाने नोंदवतात. श्वासपटलाच्या बाबतीत तो साधारण ५ ते ३५ हर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेचा असल्याने धडाची हालचाल आणि हृदयाचे ध्वनी त्यात सहज मिसळतात.

आयाम, म्हणजे संकेताचा जोर, मोजण्याची रूढ रीत म्हणजे एका छोट्या कालखंडातील (विंडोतील) संकेताचे वर्गमध्यमूळ (किमतींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) काढणे. जास्त चेतक एकके (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते स्नायुतंतू) कामाला लागली आणि त्यांची चेतना जलद झाली की हा आकडा वाढतो. अडचण हृदयाची आहे. संथ श्वासात त्वचेवर मिळणारा स्नायूंचा संकेत काही मायक्रोव्होल्ट ते काही दशक मायक्रोव्होल्ट इतकाच असतो, तर त्याच इलेक्ट्रोडवर येणारा ईसीजीचा (हृदयाच्या विद्युत संकेताचा) क्यूआरएस भाग, म्हणजे ठोक्याच्या वेळचा टोकदार चढउतार, मिलिव्होल्टच्या घरात जाऊ शकतो. शिवाय वर्गमध्यमूळात मोठ्या किमतींचा वर्ग होत असल्याने ठोक्याचा प्रभाव आणखी फुगतो. ईसीजीची वारंवारता स्नायूंच्या वारंवारतेवर अंशतः पडते, म्हणून केवळ गाळणी (फिल्टर) लावून दोन्ही वेगळे होत नाहीत. ठोक्याचा भाग कापून त्या जागी लगतची किंमत भरण्याचा उपाय वापरला जातो, पण नाडी मिनिटाला ७५ असताना प्रत्येक ठोक्यामागे ०.२ सेकंद जरी कापले, तरी नोंदीचा चौथा हिस्सा गमावतो.

जटिलतेची, म्हणजे संकेत किती अनियमित आहे याची, मापे येथे उपयोगी पडतात. स्टीव्ह पिंकस यांनी १९९१ मध्ये ‘अंदाजे एन्ट्रॉपी’ (अ‍ॅप्रॉक्झिमेट एन्ट्रॉपी) हे असे माप मांडले. त्यात प्रत्येक तुकडा स्वतःशीही जुळलेला धरला जात असल्याने येणारा दोष टाळून रिचमन आणि मूरमन यांनी २००० मध्ये नमुना एन्ट्रॉपी (सॅम्पल एन्ट्रॉपी) सुचवली. संकेतातील लागोपाठच्या ठरावीक बिंदूंचे जे तुकडे एका सहनसीमेच्या (चालवून घ्यायच्या कमाल फरकाच्या) आत परस्परांशी जुळतात, त्यांपैकी किती जोड्या पुढचा एक बिंदू जोडल्यावरही जुळत राहतात याचे गुणोत्तर काढून त्याचा ऋण नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की ही संख्या मिळते. अनेक चेतक एककांची विभवे एकमेकांवर पडून झालेला ईएमजी जवळजवळ यदृच्छ असतो, त्यामुळे त्याची एन्ट्रॉपी जास्त येते. क्यूआरएसचा चढउतार मोठा असला तरी नियमित असतो, म्हणून तो एन्ट्रॉपी फारशी वाढवत नाही.

मात्र सहनसीमा प्रत्येक विंडोच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाच्या (किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याच्या मापाच्या) प्रमाणात, उदाहरणार्थ त्याच्या ०.२ पट, धरण्याची प्रथा श्वसनस्नायूंना सोयीची नाही. अशा वेळी संकेत दहापट मोठा झाला तरी उत्तर तेच येते, म्हणजे प्रयत्नाची वाढ आकड्यात दिसतच नाही. आणि ठोका विंडोत आला की प्रमाण विचलन वाढून सहनसीमा सैल होते व एन्ट्रॉपी उगाचच खाली येते. बार्सिलोनातील संशोधकांनी वापरात आणलेल्या स्थिर नमुना एन्ट्रॉपीत ही सीमा संपूर्ण नोंदीच्या प्रमाण विचलनावरून एकदाच ठरवून सर्व सरकत्या विंडोंना तीच लावतात. त्यामुळे श्वास सुटल्यावरचा क्षीण संकेत सीमेच्या आतच राहून किंमत शून्याकडे जाते, आत घेताना ती वाढते, आणि ठोक्याचे बिंदू मोजके असल्याने त्यांचा परिणाम वर्गमध्यमूळाच्या मानाने बराच कमी राहतो. गणनेचा भार मात्र वाढतो : सेकंदाला १,००० नमुने घेतलेल्या नोंदीतील पाव सेकंदाच्या एका विंडोतही सुमारे ३१ हजार जोड्या तपासाव्या लागतात.

या मापाचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. आकडा वाढला तर तो आयामामुळे वाढला की जटिलतेमुळे, हे त्यावरून सांगता येत नाही. थकव्यात आयाम वाढत असतानाच वर्णपट (संकेतातील वारंवारतांची वाटणी) कमी वारंवारतेकडे सरकतो आणि दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध ओढू शकतात. म्हणून थकव्याच्या अभ्यासात आयाम आणि जटिलता स्वतंत्रपणे मोजणेच योग्य ठरते. सहनसीमा फार लहान धरल्यास जोरकस श्वासात जुळणाऱ्या जोड्याच उरत नाहीत, फार मोठी धरल्यास सगळेच जुळते. शिवाय ती त्या नोंदीपुरती असल्याने दोन व्यक्तींचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. ईएमजीच्या आयामाबाबतही हाच प्रश्न असून तो जास्तीत जास्त जोराने घेतलेल्या श्वासाच्या टक्केवारीत मांडून सोडवला जातो.

चिकित्सेत या मापांचा सर्वांत ठोस उपयोग श्वासाचा मज्जासंस्थेतील आरंभ आणि शेवट ओळखण्यासाठी होतो, कारण व्हेंटिलेटरचा झोत आणि रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न यांची वेळ चुकली की रुग्ण यंत्राशी झगडतो. श्वासपटलाच्या ईएमजीवरून व्हेंटिलेटर चालवण्याची पद्धत सिंडरबी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली; तीत अन्ननलिकेतील इलेक्ट्रोड लागतात. त्वचेवरून घेतलेल्या गढूळ संकेतातूनही हा आरंभ पुरेशा अचूकपणे हेरणे, हे स्थिर एन्ट्रॉपीवरील संशोधनाचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे.