सार्वजनिक आरोग्य व सामाजिक शास्त्रांचे पदवीशिक्षण : ग्रामीण विदर्भ

बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमांतून लोकसमूहाच्या आरोग्याचा आणि ते घडवणाऱ्या सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक परिस्थितीचा होणारा अभ्यास. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पोषण, पर्यावरणीय आरोग्य आणि आरोग्यसेवेची व्यवस्था हे विषय यात येतात. समाजशास्त्र, मानवशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजकार्य यांचाही त्यात समावेश होतो. काही देशांत या अभ्यासाची स्वतंत्र पदवी असते. भारतात मात्र सार्वजनिक आरोग्य प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये सुरू केलेला एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) हा त्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा होता.

विदर्भातल्या खेड्यात बारावी झालेल्या मुलीला हा विषय एका नावाखाली, एका छताखाली सहसा सापडत नाही. एमबीबीएसमध्ये तो ‘कम्युनिटी मेडिसिन’ म्हणून येतो, बीएस्सी नर्सिंगमध्ये ‘कम्युनिटी हेल्थ’ म्हणून. बीएसडब्ल्यू या समाजकार्याच्या पदवीत तो क्षेत्रकार्यात, म्हणजे गावात जाऊन करायच्या कामात, असतो, गृहविज्ञानात आहारशास्त्रात आणि बीएच्या समाजशास्त्रात एखाद्या प्रकरणापुरता. या वाटणीमुळे मोठे नुकसान होते. डॉक्टर होऊ घातलेला मुलगा तक्ते भरायला शिकतो, पण जात, जमीन आणि मजुरी यांविषयी त्याला कोणी नीट शिकवत नाही. समाजकार्याची विद्यार्थिनी बायकांच्या गटात बसून तासन्‌तास बोलू शकते, पण गावातल्या बालमृत्यूचा दर काढायची वेळ आली की अडते. प्रत्यक्षात दोघांचे गाव एकच असते, अनेकदा घरेही तीच असतात.

अभ्यासक्रम असा विखुरलेला असला, तरी या शिक्षणाची परंपरा याच प्रदेशात फार आधी रुजली. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांचे काम सुरू केले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली गेली. पुढे आश्रमात राहायला आलेल्या परचुरे शास्त्री या कुष्ठरुग्णाची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज हाती झाडू घेऊन गावोगाव फिरत होतेच. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही गावाच्या आरोग्याला स्वतंत्र स्थान आहे. पन्नाशीच्या दशकात वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन अंगांची पद्धत बसवली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन तो शोधायचा, गावाला रोग समजावून सांगायचा आणि घरच्या घरी गोळ्या द्यायच्या. सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा म्हणून आजही हीच पद्धत शिकवता येईल.

सेवाग्रामची पद्धत

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केली. नायर या गांधीजींच्या वैद्य होत्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ही संस्था ओळखली जाते. प्रवेश मिळालेला विद्यार्थी आधी पंधरा दिवस आश्रमात राहतो. तिथे सफाई, सूतकताई आणि प्रार्थना असते, अंगात खादी असते. त्यानंतर पहिल्याच वर्षी सगळी तुकडी एका खेड्यात पंधरा दिवसांच्या समाजसेवा शिबिराला जाते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. विद्यार्थी त्यांची माहिती लिहून घेतो, वजन-उंची घेतो, रक्तदाब मोजतो, लसीकरणाची कार्डे तपासतो. शिबिर संपले तरी पुढची काही वर्षे तो ठरलेल्या शनिवारी त्या घरांत जात राहतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांना लागू केलेल्या ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रमाचे मूळ रूप पाहायचे असेल, तर ते इथे अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे.

या पद्धतीचे सगळे बळ पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. पहिल्या भेटीत घरची माणसे पाहुण्याला सांगावे तेवढेच सांगतात. दारू कोण पितो, कर्ज किती आहे, मागच्या वर्षी दगावलेले बाळ कशाने गेले, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीशिवाय बाहेर येत नाही. एकदा जाऊन सर्वेक्षण उरकणाऱ्या महाविद्यालयांचे अहवाल वाचताना हा फरक लगेच कळतो. त्यांत शौचालये सगळ्यांकडे असतात आणि व्यसन कुणालाच नसते.

सेवाग्रामचा दुसरा मोठा धडा ज्वारीचा आहे. संस्थेतले डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याचा एक प्रयोग केला. हंगाम निघाला की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने जास्त, मजुराने कमी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच योजना चालायची. अचानक आलेल्या आजारात दवाखान्यात मोफत इलाज आणि आधीच ठाऊक असलेल्या खर्चात सवलत, असा तिचा हिशेब होता. विम्याचे अर्थशास्त्र, गावातली विषमता आणि सामूहिक निर्णय या तिन्ही गोष्टी पदवीच्या विद्यार्थ्याला एका पोत्यात समजावून देणारे याहून चांगले उदाहरण नोंदलेखकाला माहीत नाही. पैसा वर्षभर हातात नसतो पण खळ्यावर धान्य असते, ही साधी गोष्ट ज्याला कळली त्यालाच अशी योजना सुचते.

गडचिरोलीतून आलेले ज्ञान

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापली. तिच्या कामाशिवाय या विषयाची वर्गातली मांडणी अपुरी राहते. राणी बंग यांचा दोन गावांतल्या स्त्रियांवरचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. ‘अंगावरून पांढरं जाते’ हे बाई नर्सबाईलाही चारचौघांत सांगत नाही. ते कुठे, कुणापाशी आणि कोणत्या शब्दांत सांगितले जाते, हे कळायला मानवशास्त्र लागते. ते कितींना होते हे कळायला साथरोगशास्त्र लागते. या अभ्यासाने दोन्ही एकत्र वापरून दाखवले.

नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ केले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचे वजन, ताप आणि अंगावर पिणे तपासते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाला आधार या कामाचा आहे. बालन्यूमोनियासाठी संस्थेने बनवलेले श्वासमापक यंत्र विद्यार्थ्यांनी हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. लाकडी चौकटीत मणी आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरून इलाज सुरू करायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० श्वास आणि एक वर्षाखालच्या बाळाला ५० ही सीमा मोजण्यासाठी साठपर्यंत आकडे यायची गरज उरली नाही. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही ते जमते.

२००६ पासून याच संस्थेच्या ‘निर्माण’ उपक्रमातून महाराष्ट्रभरचे तरुण शिबिरांना येतात. पदवी न देणारे हे शिक्षण अनेकांना पदवीपेक्षा जास्त घडवते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालत आले आहेत. गाव स्वतःच अभ्यास करून सर्वसहमतीने निर्णय घेते, हे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘लोकसहभाग’ या पाठ्यपुस्तकी शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

क्षेत्रकार्य आणि त्यातले विषय

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ यांच्या कक्षेत समाजकार्याची अनेक महाविद्यालये आहेत. आठवड्यातून ठरलेले दिवस क्षेत्रकार्य, रोजची दैनंदिनी आणि सत्राअखेर अहवाल, अशी रचना असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिरही बहुतेकांच्या वाट्याला येते.

क्षेत्रकार्यात गावाचे वेळापत्रक पाळावे लागते. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत आणि कापूसपट्ट्यात वेचणीच्या दिवसांत दहा वाजता गावात गेले, तर ओसरीवर फक्त म्हातारी माणसे भेटतात. भेट घ्यायची ती सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मुलाच्या वयाचा प्रश्न असाच. जन्मतारीख विचारली तर आजी सांगते, ‘तान्ह्या पोळ्याले चार-आठ दिस बाकी होते तवा झाला.’ सणवार आणि पेरणी-कापणी यांचे स्थानिक कॅलेंडर सोबत असेल, तर यावरून वय महिन्यांत निघते. वय चुकले तर वजनाचा तक्ता चुकतो आणि कुपोषित मूल कागदावर ठणठणीत ठरते. दंडाच्या घेराची पट्टी त्यामानाने सोपी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषित.

कोणत्या गावात काय शिकावे, हे भूगोल ठरवतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे आणि तिथे मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न पाण्याच्या राजकारणापासून वेगळा काढता येत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात. मेळघाटात कुपोषणाबरोबर ‘डंभा’ही आहे. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या सळईचे चटके देण्याची ही रीत. तिला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मध्यरात्री बाळ रडते तेव्हा भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, हाकेच्या अंतरावर असतो आणि डॉक्टर कैक किलोमीटरवर, हा हिशेबही विद्यार्थ्याने मांडला पाहिजे, आणि तो तिथल्या कोरकू भाषेत समजून घेता आला तर अधिक चांगले. एटापल्ली-भामरागडकडच्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायका ‘कुर्माघरा’त राहतात. तिथला अंधार आणि सर्पदंशाचा धोका हाही आरोग्याचाच विषय आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर पूर्व विदर्भात घराघराला माहीत आहे. चाचणीपेक्षा अवघड असते ते नंतरचे. वाहक मुलीचे लग्न मोडू नये म्हणून अहवाल पेटीत लपवला जातो, आणि तिथे समुपदेशन शिकलेल्या माणसाची गरज असते.

व्यसनाचा अभ्यासही इथे आपोआप राजकारणापर्यंत जातो. गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. एकाच सीमेच्या दोन्ही बाजूंना धोरणाचा परिणाम ताडून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते. पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र दोन्हीकडे सर्रास चालतो, शाळकरी मुलांच्या खिशातही.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. या घटनेवर एक अख्खे सत्र शिकवता येईल. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, दमट उकाडा, तोंडाला जेमतेम रुमाल, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि रोजाने फवारणारा भूमिहीन मजूर. डब्यावरचे इशारे इतक्या बारीक अक्षरांत की वाचता येऊ नयेत. विष कोणते हे विषशास्त्र सांगते. ते याच माणसाच्या अंगावर का उडाले, हे शेती, बियाणे, कर्ज आणि मजुरी समजल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे वैद्यकीय आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना निदान एका सत्रासाठी एका गावात, एका गटात काम करायला लावावे, असे या नोंदलेखकाचे ठाम मत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन्ही महाविद्यालये असतात, मधले अंतर अनेकदा ऑटोने जाण्याइतकेच असते.

पदवीनंतरच्या वाटा मर्यादित आहेत. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. समाजकार्याचे पदवीधर समुपदेशक, तालुका समन्वयक किंवा स्वयंसेवी संस्थांतले कार्यकर्ते होतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली यांतली बरीच पदे कंत्राटी असतात आणि नेमणूक ठरावीक मुदतीनंतर नव्याने करून घ्यावी लागते. सार्वजनिक आरोग्यात पुढे शिकायचे तर एमपीएचसाठी बहुधा नागपूर, पुणे, मुंबई गाठावी लागते, आणि तो खर्च शेतमजुराच्या घराला शिष्यवृत्तीशिवाय झेपत नाही. पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, माडिया, कोरकू बोलणाऱ्या मुलांकडे गावाची जी माहिती जन्मापासून असते, तिला परीक्षेत गुण नाहीत. गृहभेटीत मात्र घरातली बाई सर्वांत आधी याच मुलांशी बोलायला लागते.