काठी बदलून मागण्याआधी

“काठी घेतली, पण गुडघ्याला काहीच आराम नाही,” अशी तक्रार दुकानात आली की आम्ही आधी चार पावलं चालून दाखवायला सांगतो. बहुतेकदा काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला असते. दुखतं तिथे टेकू द्यावा, असं वाटणारच. पण उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. एरवीही उजव्या पायाबरोबर आपला डावा हातच पुढे जातो. काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाका, त्याच्याबरोबरच टेकवा. त्या पायावरचा थोडा भार ती उचलते. त्याच बाजूला धरली तर अंग दुखऱ्या बाजूला झुकतं आणि भार तिथेच राहतो. खुब्यालाही हेच लागू. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जास्त दुखणाऱ्याच्या विरुद्ध हातात. दोन-चार दिवस हात गोंधळतो, मग सवय होते.

दुसरी गोष्ट उंचीची. रोजच्या चपला घालून ताठ उभं राहावं, हात सैल सोडावा. मनगटाची घडी येते तिथे काठीच्या मुठीचा वरचा भाग यायला हवा. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं. काठी उंच झाली की खांदा चढतो, ठेंगणी झाली की कंबर वाकते. म्हणूनच “बाबा साडेपाच फूट आहेत, त्या मापाने कापा” म्हटल्यावर आम्ही लाकडी काठी कापत नाही. काही जण चिडतात; पण कापलेली काठी पुन्हा वाढत नाही. बाबांना आणता येत नसेल, तर मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं माप टेपने घेऊन या. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीची उंची बटणाने बदलते. फक्त बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय ना, ते बोटाने चाचपा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर एक हात त्यावरच.

चार पायांची काठी बरेच जण मागतात. ती स्वतःची स्वतः उभी राहते, खरं. पण चारही पाय एकदम टेकले नाहीत तर डगमगते. आम्ही कुणाला “ती नको” म्हणतो, तेव्हा आमचीच विक्री सोडत असतो.

बोटांचे सांधे दुखत असतील तर जाड मुठीची काठी बघा. बारीक मूठ फार आवळावी लागते. चमचा-सुरीवर चढवायच्या जाड मुठी आणि कमोडवरची उंच सीटही दाखवू.

काठीच्या तळाचं रबर उलटं करून पाहत जा. रेघा झिजून गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर घसरेल. रबर सुटं मिळतं, बसवूनही देतो. येताना रोजच्या चपला घालून या.