संत्र्याची साल आणि नर उंदराची किडनी

आंबिया बहाराचा संत्रा घरात आला की आमची माय साली वाळत घालते, दिवाळीच्या उटण्यासाठी. यंदा तिनं त्या सगळ्या उकिरड्यावर फेकल्या. "काहून ठेवू मंग? उंदराले कॅन्सर झाला म्हणते ना!" संत्र्याच्या सालीनं कॅन्सर होतो, असा फॉरवर्ड पुतण्यानं पाठवला होता. आणि तो निव्वळ थाप नव्हता, हीच पंचाईत.

सालीच्या तेलात लिमोनिन असतं. ते चांगलंच द्रावक आहे; फुग्यावर साल पिळा, फुगा फटकन फुटतो. (तेव्हा संत्र्याच्या तेलावरचं 'केमिकल-फ्री' हे लेबल हसण्यावारी न्या.) अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या 1990 च्या अहवालात लिमोनिन पाजलेल्या नर रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) किडनीत गाठी आढळल्या. मादीत नाही, लहान उंदरांत (माऊसमध्ये) नाही. त्याआधी पेट्रोलच्या वाफेचीही चाचणी झाली होती: बंद कक्षात पिंजरे, रोज 6 तास, आठवड्याचे 5 दिवस, जवळपास दोन वर्षं. तिथंही नर रॅटच्याच किडनीत गाठी. (मादी माऊसच्या यकृतातही निघाल्या, पण ती कथा वेगळी.)

नरच का? नर रॅटचं यकृत अल्फा-2यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. लघवीतून गंधाचे निरोप धाडायला ते लागतं. त्यातलं बरंचसं किडनीच्या नलिकेतल्या पेशी परत शोषतात आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, पचवतात. लिमोनिनपासून शरीरात तयार होणारं इपॉक्साइड नावाचं संयुग, किंवा पेट्रोलमधल्या आयसोऑक्टेनपासून होणारं अल्कोहोल, या प्रथिनाच्या पोकळीत जाऊन बसतं. मग लायसोसोमला ते पचेना. थेंबाथेंबानं साचत जातं, पेशी मरते, शेजारच्या पेशी जागा भरायला पुन्हा पुन्हा विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल चुकायची एक संधी. एनबीआर जातीचे नर रॅट हे प्रथिन बनवत नाहीत. त्यांची किडनी लिमोनिनला दाद देत नाही.

माणसात हे प्रथिन नाहीच. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लिमोनिन गट 3 मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होतो की नाही हे ठरवता येत नाही.

पेट्रोलला मात्र ही सूट नाही. त्यात बेन्झिन असतं, ते गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे पक्कं. रक्ताचा कॅन्सर माणसांतच, कामगारांत दिसला, त्याला उंदराची साक्ष लागली नाही.

माय आता साली पुन्हा वाळवते आहे. पुतण्या काल फवारणी पंपात पेट्रोल भरत होता. डबकीतून नळी तोंडानं ओढून.