दोन पेशींमधली फट: चेतासंस्थेच्या ओळखीमागची पार्श्वभूमी

दहावीच्या पुस्तकातला चेतासंस्थेचा तक्ता बहुतेकांनी पाठ केलेला असतो. मध्यवर्ती चेतासंस्था म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जू. परिघीय म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या 12 आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 चेतांच्या जोड्या. शिवाय आपल्याला न विचारता हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी चालवणारी स्वायत्त चेतासंस्था आणि तिचे अनुकंपी (धावपळीसाठी सज्ज करणारा) व परानुकंपी (शांतावणारा) हे दोन भाग. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण या तक्त्यातला एकेक चौकोन वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या भांडणांतून तयार झाला. त्यातलं सगळ्यात मोठं भांडण, म्हणजे ही यंत्रणा सलग जाळ्याची आहे की सुट्या पेशींची, हे तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. तक्त्यापेक्षा त्या भांडणातूनच विषय जास्त कळतो, असं माझं मत आहे.

आधी प्रश्न होता तो मुक्कामाचा: विचार राहतो कुठे? ॲरिस्टॉटलच्या लेखी त्याची जागा हृदयात होती आणि मेंदूचं काम रक्त थंड करण्याचं. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने याला धक्का दिला. ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधून त्याचा हात बसलेला होता. रोममध्ये त्याने लोकांसमोर एका ओरडणाऱ्या डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक चेता बांधल्या. डुक्कर जिवंत, धडपडतंय, पण आवाज बंद. आवाजाची सूत्रं हृदयाकडून नव्हे, मेंदूकडून हलतात हे दाखवायला एवढं पुरेसं होतं. मात्र चेता पोकळ असून त्यांतून एक सूक्ष्म वायू वाहतो ही त्याचीच कल्पना, आणि ती पुढची चौदाशे वर्षं कोणी फारशी हलवली नाही.

1664 मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ काढला. त्यातली चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा वास्तुविशारद. त्याच सुमारास हॉलंडमध्ये स्वामरडॅमने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून आकसवला. वायू आत शिरत असता तर स्नायू फुगायला हवा होता, पण तो फुगला नाही. मग वाहतं काय? बोलोन्याच्या गॅल्व्हानीने 1791 मध्ये उत्तर दिलं: वीज. व्होल्टाने त्याला विरोध केला, त्या वादातून व्होल्टाची बॅटरी निघाली, आणि खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

1822 मध्ये पॅरिसच्या माझांदीने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सिद्ध केलं की मेरुरज्जूला मागून जोडलेली चेतांची मुळं संवेदना आत आणतात आणि पुढची मुळं हालचालीचा हुकूम बाहेर नेतात. याचा काहीसा अंदाज लंडनच्या चार्ल्स बेलने 1811 मध्ये बांधला होता, त्यामुळे श्रेयावरून दोघांत बरंच वाजलं. प्रयोग क्रूर होते आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. पण आत येणारा रस्ता आणि बाहेर जाणारा रस्ता वेगळे आहेत, ही मांडणीची पहिली पक्की रेघ इथे पडली.

वेगाचा प्रश्न उरला होता. योहानेस म्यूलर हा त्या काळचा सर्वांत मोठा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. चेतेतल्या संदेशाचा वेग कधीच मोजता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. 1850 मध्ये त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या चेतेत तो मोजून दाखवला: सेकंदाला साधारण 27 मीटर. प्रकाशाच्या तर सोडाच, आवाजाच्या वेगाच्याही जवळपास नाही. माणसात मायलिनचं वेष्टण असलेल्या जाड तंतूंमध्ये हा वेग 120 मीटरपर्यंत जातो, तर वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंमध्ये एक-दोन मीटरच्या वर जात नाही. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हा फरक स्वतःला कळतो. हात आधीच मागे आलेला असतो, कारण तो निर्णय मेरुरज्जूतच होतो, मेंदूची वाट न पाहता. मग टोचल्यासारखी तीव्र कळ येते, आणि त्यानंतर सावकाश, पसरत जाणारी आग. कळ आणि आग वेगवेगळ्या तंतूंनी आलेली असते. आगीचा तंतू हळू चालतो, इतकंच.

आता मुख्य भांडण. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप ठेवला की एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला दिसायचा तो करड्या धाग्यांचा गुंता. कुठला धागा कुठल्या पेशीचा, पत्ता लागत नसे. 1873 मध्ये कॅमिलो गोल्जी हा इटालियन डॉक्टर मिलानजवळच्या आबियातेग्रासो गावात, असाध्य रुग्णांच्या एका दवाखान्यात नोकरीला होता. तिथल्या स्वयंपाकघराची त्याने प्रयोगशाळा केली होती. मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचे आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे, ही त्याची पद्धत. नवल असं की रंग थोड्याच पेशींना लागतो, पण ज्या पेशीला लागतो ती शेवटच्या फाट्यापर्यंत काळीभोर उमटते. मोजक्याच पेशी का, याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर काप नुसता काळा दिसला असता आणि पद्धत निरुपयोगी ठरली असती.

गोल्जीला त्यात जे दिसलं त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की सगळ्या पेशींचे अक्षतंतू, म्हणजे पेशीतून निघून संदेश पुढे नेणारे लांब धागे, एकमेकांत मिसळून एक अखंड जाळं होतं आणि मेंदू त्या जाळ्यानिशी, एकदिलाने काम करतो.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने ही रंगवण्याची पद्धत पहिल्यांदा पाहिली ती 1887 मध्ये, माद्रिदला एका सहकाऱ्याकडे. मुलाला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांना डॉक्टर करायचा होता, झालं दोन्ही. त्याने रंग दोनदा दिला आणि दुसरी, त्याहून हुशारीची गोष्ट केली: प्रौढ मेंदू बाजूला ठेवून पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण घेतले. घनदाट रानात झाडं ओळखत बसण्यापेक्षा रोपवाटिकेत जावं, असं तो म्हणे. भ्रूणात मायलिन अजून चढलेलं नसतं, त्यामुळे रंग नीट लागतो. 1888 मध्ये त्याने पक्ष्याच्या अनुमस्तिष्काची, म्हणजे छोट्या मेंदूची, चित्रं छापली, तीही स्वतःच्या खर्चाने काढलेल्या नियतकालिकात. त्यांत अक्षतंतूची टोकं दुसऱ्या पेशीला टोपलीसारखी वेढून थांबलेली दिसतात. मिसळलेली नाहीत, थांबलेली. पुढच्या वर्षी तो आपल्या काचा घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये जर्मन प्राध्यापकांना सूक्ष्मदर्शकापाशी ओढून आणू लागला. कोलिकरसारखा दिग्गज तिथेच वळला. 1891 मध्ये वाल्डायरने या सुट्या एककाला न्यूरॉन हे नाव दिलं. आपल्याकडे ती चेतापेशी.

1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. गोल्जीने स्टॉकहोममधलं आपलं भाषण चेतापेशी-सिद्धांत खोडून काढण्यातच घालवलं. दुसऱ्या दिवशी काहालला बोलायचं होतं, आणि तो त्याच सिद्धांतावर बोलला. एकाच पद्धतीवर उभी राहिलेली, एकमेकांना छेद देणारी दोन भाषणं.

पेशी सुट्या असतील तर संदेश मधली फट ओलांडतो कसा? या सांध्याला सिनॅप्स हे नाव 1897 मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनने दिलं, आणि तेही न पाहता. प्रतिक्षिप्त क्रियेला तंतूच्या लांबीच्या हिशेबापेक्षा जास्त वेळ लागतो आणि संदेश एकाच दिशेने जातो, एवढ्यावरून त्याने ओळखलं की वाटेत काहीतरी आहे. प्रत्यक्ष फट दिसली 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून: साधारण 20 नॅनोमीटर.

पण फट दिसण्याच्या कितीतरी आधी तिचं कोडं एका अंशी सुटलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ओटो लोवीने 1921 मध्ये बेडकाची दोन हृदयं क्षारद्रवात धडधडत ठेवली. पहिल्याकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतेला विजेचा झटका दिला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव उचलून दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. त्याला कुणी झटका दिलेला नव्हता. म्हणजे चेतेच्या टोकातून काहीतरी रसायन सुटतं. ते पुढे ॲसिटिलकोलिन ठरलं. हा प्रयोग स्वप्नात सुचला, पहिल्या रात्री टिपून ठेवलेलं सकाळी वाचता आलं नाही, म्हणून दुसऱ्या रात्री तसाच प्रयोगशाळेत गेलो, अशी लोवीची आठवण आहे. तिखटमीठ किती, ते त्यालाच ठाऊक. 1936 मध्ये त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं आणि 1938 मध्ये नाझींनी त्याला, तो ज्यू असल्यामुळे, तुरुंगात टाकलं. सुटकेसाठी बक्षिसाची रक्कम त्यांच्या हवाली करावी लागली.

तरीही ‘सूप’वाले (फट रसायन ओलांडतं म्हणणारे) आणि ‘स्पार्क’वाले (वीज ओलांडते म्हणणारे) असे दोन तट बराच काळ टिकले. विजेच्या बाजूचा म्होरक्या जॉन एक्लिस. त्याने 1951 मध्ये न्यूझीलंडला स्वतःच केलेल्या प्रयोगात आपलाच पक्ष पडलेला पाहिला आणि सरळ बाजू बदलली. पुढे काही ठिकाणी पेशींना एकमेकींशी जोडणारे थेट विजेचे सांधेही सापडले, तेव्हा गोल्जी अगदीच हवेत बोलत नव्हता. तंतूच्या आतली वीज कशी धावते, हे 1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सलीने माखळीच्या जातकुळीतल्या स्क्विडच्या जाडजूड अक्षतंतूवर दाखवलं. तंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब असतो. सोडियमची दारं उघडली की तो क्षणात उलटतो, मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्ववत होतो. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीने ती सगळी गणितं हाताने फिरवायच्या यंत्रावर केली.

सोडियमची दारं, चेतांची टोकं आणि तिथून सुटणारी रसायनं यांचा हिशेब कोकणात फार जवळून मांडला गेला. लाल विंचवाचं विष ही सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे स्वायत्त चेता एकसारख्या पेटत राहतात. सुरुवातीला उलट्या, लाळ, अंगभर घाम, म्हणजे ॲसिटिलकोलिनचा जोर. त्यामागोमाग अनुकंपी बाजूचा: हातपाय गार, रक्तदाब चढलेला, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. विंचू चावलेलं मूल धापा टाकत राहायचं, आणि अनेकदा दगावायचंच. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले, नोंदले. रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्या अल्फा ग्राहकांमुळे, म्हणजे चेतेतून सुटलेलं रसायन झेलणाऱ्या पेशीवरच्या जागांमुळे. मग ते ग्राहकच अडवणारी, रक्तदाबासाठी आधीपासून मिळणारी प्राझोसिनची गोळी का देऊ नये? 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं, आणि ही गोळी तालुक्याच्या ठिकाणीही परवडणारी होती. 2011 मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत बावस्करांनी पुढचं पाऊल टाकलं: नुसत्या प्राझोसिनपेक्षा, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो.