इंजिन चढवणे (जुन्या मोटारीत, घरच्या घरी)

दुरुस्त करून नव्याने बांधलेले इंजिन मोटारीत परत बसवण्याची क्रिया. इंजिन बांधणे, म्हणजे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा घालणे आणि क्रँक (पिस्टनची हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) घासून त्याला जुळणारी बेअरिंगे बसवणे, हे काम यंत्रशाळेतच होते. इंजिन चढवणे मात्र अंगणात, खळ्यात किंवा पडवीतही करता येते. खान्देशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) हे काम प्रामुख्याने दोन मोटारींच्या बाबतीत केले जाते. त्यांपैकी पहिली मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची (स्थापना १९४४) फियाट ११००, जी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी नावाने विकली गेली. दुसरी हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, जिचे उत्पादन सु. १९५७–५८ पासून २०१४ पर्यंत चालू होते. फियाटचे इंजिन १,०८९ घ. सेंमी., तर अँबॅसडरचे प्रदीर्घ काळ वापरात असलेले पेट्रोल इंजिन १,४८९ घ. सेंमी. क्षमतेचे होते. दोन्ही मोटारींत इंजिन पुढे लांबीच्या दिशेने, त्याला जोडून मागे गिअरबॉक्स आणि चालना मागील चाकांना अशी रचना असल्याने कामाचा क्रमही जवळजवळ एकच राहतो.

या भागात असे काम घरी करण्याइतके कौशल्य कसे रुजले, याचे श्रेय साधारणतः मुंबई–आग्रा रस्त्यावरील, विशेषतः धुळ्याच्या, मालमोटारींच्या गॅरेजांना देता येईल. तथापि तेवढे पुरेसे वाटत नाही. १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीनंतर येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने वाढले आणि त्यांच्या आधाराने लेथ व फिटर आले. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने बसू लागल्यावर जड यंत्र तिवईला टांगून सरळ रेषेत बसवण्याचे काम शेतकऱ्यांच्याही हातात आले. मोटारीचे इंजिन चढवताना लागणारी नजर या दुसऱ्या परंपरेच्या अधिक जवळची आहे.

उचलण्याचे मुख्य साधन चेन कप्पी होय. तिच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. एकाच आसावरील दोन भिन्न व्यासांच्या चाकांवरून साखळी फिरवण्याच्या विभेदी कप्पीचे श्रेय टॉमस ऑल्ड्रिज वेस्टन या इंग्रज संशोधकाला दिले जाते. मात्र त्यासाठी १८५४ पासून १८६१ पर्यंतची निरनिराळी वर्षे सांगितली जातात. भिन्न व्यासांच्या दोन भागांच्या रहाटाचे तत्त्व, ज्याला चिनी रहाट म्हणतात, याहून जुने आहे. तेव्हा तत्त्व जुने आणि अखंड साखळीचे व्यवहार्य रूप वेस्टनचे, असे मानणे सयुक्तिक ठरते. मोठ्या चाकाची त्रिज्या त्र आणि लहानाची त असल्यास सैद्धांतिक यांत्रिक लाभ २त्र ÷ (त्र − त) इतका असतो. चाकांवर अनुक्रमे १२ व ११ खाचे असल्यास तो २४ येतो. घर्षणामुळे अशा कप्पीची कार्यक्षमता निम्म्याहून कमी राहते आणि म्हणूनच साखळी सोडली तरी भार आपोआप खाली येत नाही. आज मिळणाऱ्या चेन कप्प्या बहुधा दातेरी चाकांच्या असून त्यांत भार धरून ठेवण्यासाठी स्वतंत्र ब्रेक असतो. मोटारीच्या इंजिनासाठी १ टनाची कप्पी पुरून उरते. कच्चा दुवा असतो तो वरचा आधार. धाब्याच्या घराची तुळई छपराचा स्थिर भार पेलण्यासाठी असते, मध्यभागी टांगलेल्या आणि हेलकावणाऱ्या भारासाठी नव्हे. शिवाय आतून वाळवी लागलेली तुळई बाहेरून धड दिसू शकते. लोखंडी पाइपांची तिवई अधिक सुरक्षित, परंतु काळ्या जमिनीत तिचे पाय रुततात व भेगांवर सरकतात. म्हणून पायांखाली जाड फळ्या देऊन तिन्ही पाय साखळीने एकमेकांशी बांधावे लागतात.

इंजिन एकटे चढवावे की गिअरबॉक्ससह, याबाबत कारागिरांत दोन मते आहेत. दोन्ही भाग जमिनीवर जोडून एकत्र चढवले, तर जुळणी डोळ्यांसमोर होते. परंतु ही लांब जोडी बरीच तिरपी करून आत घालावी लागते आणि त्यासाठी उंची हवी. पडवीत ती मिळत नाही, त्यामुळे तेथे गिअरबॉक्स गाडीतच ठेवला जातो. उघड्यावर तिवई उभी करता येत असल्यास दोन्ही एकत्र चढवण्याची पद्धत श्रेयस्कर होय.

इंजिन एकटे चढवण्याच्या पद्धतीत सर्व कौशल्य एका जोडाशी एकवटते. गिअरबॉक्सचा पुढे आलेला शाफ्ट क्लच प्लेटच्या आट्यांतून (मधल्या भोकातील उभ्या खाचांतून) जाऊन क्रँकच्या टोकातील बुशमध्ये शिरला पाहिजे. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळण्यापूर्वी क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरील जड चाकाच्या) मध्याशी तंतोतंत आणावी लागते. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला शाफ्ट किंवा खराद्याकडून त्याच मापाने करून घेतलेला लाकडी दांडा वापरतात. गाडीतील गिअरबॉक्सला खालून जॅक देऊन इंजिन व गिअरबॉक्स यांची तोंडे समांतर करतात, गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि पुढील पुलीने क्रँक थोडा थोडा फिरवत इंजिन मागे सरकवतात. आटे जुळले की शेवटचे अंतर हाताच्या दाबाने मिटते. ते मिटत नसेल, तर बोल्ट आवळून तोंडे ओढून घेणे हा या कामातील सर्वांत घातक प्रकार होय. त्याने क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या ओतीव कवचाचा कान तुटतो. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, जोड पूर्ण होऊन बोल्ट लागेपर्यंत इंजिनाचा भार कप्पीवरच राहिला पाहिजे, शाफ्टवर क्षणभरही येता कामा नये. उचलण्यापेक्षा ही जुळणीच कामाचा गाभा आहे.

त्यानंतर माउंटिंगचे रबर, सायलेन्सरचा पाइप, सेल्फ, डायनॅमो, रेडिएटर, पेट्रोलची नळी व वायरिंग यथाक्रम जोडतात. इंजिन व बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी मात्र विसरू नये. ती नसल्यास सेल्फचा प्रवाह चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि तार जळते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी न घालता कूलंट व शुद्ध पाणी घालावे. मे महिन्यात जळगाव–भुसावळकडे पारा ४५° से. च्या आसपास जातो, तेव्हा क्षार साचलेला रेडिएटर नव्या घट्ट इंजिनाला पुरत नाही.

प्रथम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, तेलाचा दाब दिसू लागेपर्यंत इंजिन सेल्फवर फिरवतात. पहिला सिलिंडर दाबाच्या फेऱ्याच्या टोकाशी असताना डेल्कोचा (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) रोटर त्याच सिलिंडरच्या वायरकडे असावा लागतो. दोन्ही इंजिनांचा ज्वलनक्रम १–३–४–२ आहे. डेल्को अर्धा फेरा चुकल्यास इंजिन सुरू न होता कार्ब्युरेटरमधून भडका मारते. कॅम व टॅपेट (झडपा उघडणारे भाग) नवे असतील, तर इंजिन मंद गतीवर न सोडता मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवतात. कारण कॅमला वंगण मुख्यतः क्रँकने उडवलेल्या तेलातून मिळते.

पुढील रनिंगविषयी, म्हणजे नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवण्याविषयी, जुन्या मार्गदर्शनाचा भर पहिले काहीशे किलोमीटर कमी वेगावर होता. रिंगा सिलिंडरला बसण्यास मागून वायूचा दाब लागतो आणि फार हळू चालवल्यास सिलिंडरच्या पृष्ठाला चकाकी येऊन इंजिन तेल खाऊ लागते, असे नंतरचे मत आहे. वेग बदलता ठेवून मध्यम भार देणे हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. धुळे–जळगाव हा सपाट रस्ता त्यास सोयीचा आहे. चाळीसगाव–कन्नड मार्गावरील औट्रम घाटाचा सलग चढ मात्र या काळात टाळावा.

मूळ ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) कायम राहिल्यास इंजिनाचा क्रमांक बदलत नाही. दुसरा ब्लॉक घातल्यास नोंदणीपुस्तकात तशी नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून (धुळे एमएच-१८, जळगाव एमएच-१९, नंदुरबार एमएच-३९) करून घ्यावी लागते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाचा नेहमीच्या वा व्यावसायिक कामासाठी वापर करता येत नाही.