फुकटचं वायफाय आणि बँकेचं खातं: धोका नेमका कुठे आहे?

वायफायचे रेडिओ तरंग फक्त तुमच्या फोनकडे जात नाहीत. ते राउटरपासून चहूकडे पसरतात आणि टप्प्यातल्या प्रत्येक उपकरणापर्यंत पोचतात. आपल्यासाठी नसलेली माहिती आपला फोन सोडून देतो, एवढंच. लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला मात्र सगळंच टिपून ठेवायला सांगता येतं आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. म्हणजे पासवर्ड नसलेल्या सार्वजनिक वायफायवरची देवाणघेवाण पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस टिपू शकतो. प्रश्न आहे तो त्याला त्यातून कळतं काय, हा.

२०१० साली खूप काही कळत असे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हा अनेक मोठ्या वेबसाइट फक्त लॉगिनचं पान कूटबद्ध करत, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात पाठवत, आणि पुढचा सगळा व्यवहार उघडा पाठवत. त्यात सेशन कुकीही असे, म्हणजे ‘हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे’ असं साइटला सांगणारी खूण. फायरशीप ती उचलायचं, आणि एका डबल-क्लिकवर दुसऱ्याचं खातं उघडायचं. कंपन्यांना जाग यावी हा बटलरचा हेतू होता आणि जाग आलीही. पुढच्या काही वर्षांत एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी सगळीच देवाणघेवाण कूटबद्ध करण्याची पद्धत, जवळपास सगळीकडे पोचली.

त्यामुळे आज तुम्ही बँकेच्या साइटवर लॉगिन केलंत, तर टिपणाऱ्याच्या हाती काय लागतं? बहुतेक वेळा साइटचं नाव, किती माहिती गेली-आली आणि कधी, एवढंच. युजरनेम, पासवर्ड, शिल्लक, खातेक्रमांक हे सगळं त्याला निरर्थक अक्षरांचा ढीग म्हणून दिसतं. ‘सार्वजनिक वायफायवर बँकेचं खातं उघडलं की पैसे गेलेच’ ही भीती म्हणूनच आता जुनी झाली आहे. पण धोका संपलेला नाही. त्याने जागा बदलली आहे, आणि नवी जागा माहीत नसणं मला जास्त काळजीचं वाटतं.

वायफायचं नाव हा नुसता मजकूर असतो. तो कुणीही, कसाही ठेवू शकतो. विमानतळाच्या वायफायचं जे नाव, तेच नाव देऊन कुणी बॅगेतल्या छोट्या उपकरणातून नेटवर्क सुरू केलं, तर फोनला दोन्ही सारखीच. पूर्वी जोडलेल्या खुल्या नेटवर्कचं नाव पुन्हा दिसलं की फोन अनेकदा आपणहून जोडलाही जातो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी याच प्रकारात एका माणसावर आरोप ठेवले. विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत तो अशी बनावट नेटवर्क चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. जोडल्यावर एक पान उघडायचं आणि ईमेल किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करायला सांगायचं. यात कूटलेखन तोडावं लागलंच नाही. लोकांनी पासवर्ड स्वतः भरले. आणि ईमेल हातात आलं, की इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. मोफत वायफायसाठी ईमेलचा पासवर्ड मागणारं पान दिसलं, तर ते तिथल्या तिथे बंद करा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे ब्राउझरचा इशारा. ‘मीच ती बँक’ हे सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवून सिद्ध करावं लागतं. मध्ये घुसलेल्याकडे ते नसतं, म्हणून ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं लाल चिन्हाचं पान समोर येतं. घाईत असलेला माणूस ‘तरीही पुढे जा’ दाबतो आणि सगळी तटबंदी स्वतःच्या हाताने उघडतो. बँकेच्या साइटवर हा इशारा आला, तर त्या नेटवर्कवरून बाहेर पडायचं, दुसरा विचार करायचा नाही.

कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी, असंही नाही. प्रमाणपत्र आता फसवणाऱ्यालाही फुकट मिळतं. पत्ता नीट वाचा: ‘माझीबँक.खाते-तपासणी.कॉम’ ही साइट माझीबँकेची नाही, ‘खाते-तपासणी’च्या मालकाची आहे. शेवटच्या ‘.कॉम’च्या लगेच आधी काय आहे, ते पाहायचं.

पासवर्ड लागणारं हॉटेलचं वायफाय तरी सुरक्षित का? फारसं नाही. डब्ल्यूपीए-२ या वायफाय सुरक्षेच्या प्रकारात तो सामायिक पासवर्ड ठाऊक असणाऱ्याने तुमचा फोन जोडला जात असतानाची सुरुवातीची देवाणघेवाण टिपली, तर वायफायचं कूटलेखन त्याला उलगडता येतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही त्रुटी दूर केली, पण जुने राउटर अजून खूप आहेत. व्हीपीएनने, म्हणजे तुमची सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे पाठवणाऱ्या सेवेने, स्थानिक नेटवर्कपासून आडोसा मिळतो खरा, मात्र विश्वास मग व्हीपीएन चालवणाऱ्यावर टाकावा लागतो. अनोळखी मोफत व्हीपीएनपेक्षा ते नसलेलं बरं.

पैशाच्या कामापुरतं वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरणं हा सर्वांत सोपा उपाय. लॅपटॉप असेल तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट. ‘आपोआप जोडा’ बंद ठेवा, जुनी खुली नेटवर्क फोनमधून काढून टाका.

आणि बँक पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) लॉगिन करण्याची सोय, देत असेल, तर ती जरूर सुरू करून घ्या. ओटीपी बनावट पानावर टाकला, तर ठक तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरू शकतो. पासकी साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, आणि पत्ता ब्राउझर तपासतो, आपले थकलेले डोळे नाहीत. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी त्या साइटवर ती चालतच नाही.