वडील युद्धकाळात बोटीवर होते? नोंद कुठे शोधायची, अर्ज कुठे करायचा

‘बाबा लढाईत बोटीवर होते.’ कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नोकरीबद्दल एवढंच ठाऊक असतं. १९३९ ते १९४५ या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सारंग, तांडेल, आगवाला (भट्टीवर काम करणारा), भंडारी (स्वयंपाकी), बटलर म्हणून आपली हजारो माणसं होती. त्यांच्या नोंदी आजही मिळू शकतात. मात्र शोध माणसाच्या नावाने नव्हे, जहाजाच्या नावाने सुरू करा.

याचं कारण साधं आहे. बहुतेक खलाशांची आडनावं लिहिली जात नसत. ऐकू येईल तसं इंग्रजी स्पेलिंग कारकून करी. धोंडूचा ढोंडू, दाऊदचा डावूड. एकाच नावाची दहा माणसं सापडतात. जहाज मात्र एकच असतं आणि त्याला कायमचा अधिकृत क्रमांक असतो.

म्हणून आधी घरातली पेटी उघडा. सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, सापडलं तर अर्धं काम झालं. त्यात एका ओळीत एक सफर असते: जहाजाचं नाव, क्रमांक, कुठे चढले, कुठे उतरले, हुद्दा आणि शेवटी वर्तणुकीचा ‘व्हेरी गुड’ असा शिक्का. प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. पुस्तक नसेल तर कंपनीची पत्रं, जुने फोटो बघा, म्हाताऱ्या नातेवाइकांना विचारा. जहाजाचं नाव कळलं की क्रमांक ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.

पुढचा टप्पा लंडनजवळच्या क्यू इथलं ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. युद्धकाळातले खलाशांचे करारनामे तिथे ‘बीटी ३८१’ या मालिकेत जहाजाच्या क्रमांकानुसार लावलेले आहेत. जहाजाच्या हालचालींची कार्डं ‘बीटी ३८९’मध्ये आहेत. हे कागद कुणीही पाहू शकतं, नात्याचा पुरावा लागत नाही. स्वतः गेलात तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवून वाचकपत्र मोफत मिळतं, कागदांचे फोटोही काढता येतात. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाला हे काम सांगता येईल. इथूनच पैसे भरून प्रतही मागवता येते. करारनाम्यात ‘आधीचं जहाज’ असा रकाना असतो, तो चुकवू नका. त्याच्या आधारे एका जहाजावरून मागच्या जहाजावर, असं करत सगळी नोकरी उलगडत नेता येते.

वडील युद्धात मृत्युमुखी पडले असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या मोफत यादीत शोधा. समुद्रात बुडालेल्या भारतीय खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिग्रंथांत आहेत, सहा हजारांहून अधिक. फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडजवळ बुडालेल्या ‘गेरसोप्पा’ जहाजावरचे आपले खलाशीही याच यादीत शोधावे लागतात, ब्रिटिश व्यापारी खलाशांच्या लंडनमधल्या टॉवर हिल स्मारकावर नाही.

पदकांसाठी मात्र अर्ज लागतो. त्या काळीही व्यापारी जहाजावरच्या खलाशाला पदक आपोआप मिळत नसे, मागावं लागे. म्हणून ‘बीटी ३९५’ या पदकांच्या नोंदीत नाव नसलं तर नोकरीच नव्हती असं समजू नका. पदक कधीच घेतलं नसेल तर जवळचे वारस कार्डिफच्या जहाज व खलाशी नोंदणी कार्यालयाकडे चौकशी करू शकतात. सीडीसीची प्रत, मृत्यूचा दाखला आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला हाताशी ठेवा. दाखल्यांवर नाव वेगवेगळं असेल तर ते एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा.

भारतात मुंबईच्या शिपिंग मास्टर कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सीडीसी क्रमांक, वडिलांचं आणि आजोबांचं नाव, गाव, तालुका आणि अंदाजे वर्षं लिहा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. कोणत्या वर्षांच्या कोणत्या नोंदवहीतली पानं हवीत ते नेमकं मागा.

वडील व्यापारी जहाजावरच होते, पण तोफेवर, रॉयल इंडियन नेव्हीच्या गणवेशात? मग ते नौदलाचे. त्यांची चौकशी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या नौदलाच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे करा. तिथे सेवाक्रमांक लागेल. जुन्या फोटोच्या मागे तो लिहिलेला किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला आहे का, ते भिंगाखाली एकदा नक्की बघा.